सुरा, श्रम आणि अवधान : पाचव्या शीलाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

पंचशीलातील पाचव्या शीलाविषयी अलीकडे एक वेगळाच युक्तिवाद कानावर येऊ लागला आहे. तो गुत्त्यावर बसणाऱ्यांचा नाही. तो सुशिक्षित, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुणांचा आहे आणि त्यात आमच्या उपासक कुटुंबांतील तरुणही आहेत. पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत दिवसभर कंपनीचे काम करून हे तरुण घरी येतात, जेवतात आणि रात्री पुन्हा संगणकासमोर बसतात. नोकरी टिकवायची तर नवे तंत्र शिकावे लागते. कोणाला स्वतःचे एखादे लहानसे काम उभे करायचे असते. शरीर थकलेले असते आणि दिवसभराची कटकट डोक्यात घोळत असते. अशा वेळी शेजारी एक ग्लास येतो. तो मौजेसाठी नसतो, असे ते सांगतात. दोन घोट घेतले की डोके शांत होते, मन एका जागी बसते आणि प्रोग्रॅमिंग चांगले होते, असा त्यांचा अनुभव आहे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो शीलाच्याच भाषेत मांडलेला आहे. बुद्धाने मद्याला प्रमादाचे कारण म्हटले. आम्ही तर प्रमाद टाळण्यासाठी, चित्त स्थिर राहावे म्हणून पितो. मग शील मोडते कोठे? या प्रश्नाला नुसते ‘पिणे वाईट’ एवढे उत्तर देऊन भागणार नाही. दारूने काम सुधारते ही समजूत प्रथम केव्हा व कोणत्या श्रमिकांत दिसते आणि तिची परीक्षा झाली तेव्हा काय आढळले, हे इतिहासात पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही तेच करणार आहोत.

प्रथम शीलातील शब्द पाहू. सुरा, मेरय, मज्ज आणि पमादट्ठान असे चार शब्द तेथे एका समासात आले आहेत. विनयपिटकातील सुत्तविभंगात सुरा व मेरय यांचे प्रकार दिले आहेत. सुरा ही पिठाची, अपूपांची, भाताची, किण्व घातलेली आणि अनेक द्रव्ये मिसळलेली. मेरय हे फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आणि मिश्र द्रव्यांचे आसव. मोहाची आणि गुळाची दारू ज्या प्रदेशात परिचित आहे, तेथील वाचकाला ही यादी वाचताना अडखळण्याचे कारण नाही. परंतु महत्त्वाचा शब्द शेवटचा आहे. ‘ठान’ म्हणजे आधार, कारण, उभे राहण्याची जागा. ज्या जागेवर प्रमाद उभा राहतो ती जागा म्हणजे मद्य.

आणि प्रमाद म्हणजे तरी काय? मराठीत आपण हा शब्द ‘चूक’ या अर्थाने वापरतो आणि त्यामुळे मूळ आशय निसटतो. पालीतील पमाद म्हणजे अवधान सुटणे, जे करावयाचे त्याचे भान न राहणे. त्याच्या उलट अप्पमाद. सर्व प्राण्यांची पावले जशी हत्तीच्या पावलात मावतात तसे सर्व कुशल धर्म अप्पमादात मावतात, असा दृष्टान्त संयुत्तनिकायात आहे. आणि कुसिनारा येथे महापरिनिब्बानाच्या वेळी तथागतांनी भिक्षूंना जो अखेरचा उपदेश केला त्यातही हाच शब्द आहे. म्हणजे पहिली चार शीले ज्या कृत्यांविषयी आहेत त्यांचा घाव मुख्यतः दुसऱ्यावर पडतो, तर पाचवे शील आपल्या अवधानाविषयी आहे. मद्य पापी वस्तू आहे म्हणून ते वर्ज्य केलेले नाही. भेसज्जखंधकात पिलिंदवच्छ स्थविरांच्या वातविकारासाठी मद्य घालून शिजवलेल्या तेलाला अनुज्ञा आहे. अट एवढीच की त्यात मद्याचा रंग, वास वा चव उरता कामा नये. ज्या धम्मात औषधाला अशी जागा आहे तेथे सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न नव्हता हे उघड आहे.

भिक्षूंसाठी मद्यपाननिषेधाचा नियम ज्या प्रसंगावरून झाला तो प्रसंगही याच दृष्टीने वाचावयास हवा. सागत नावाचे एक स्थविर होते. चेतिय प्रदेशातील भद्दवतिका गावाजवळ आम्रतीर्थ येथे एका जटिलाच्या आश्रमात भयंकर नाग राहत असे. सागतांनी आपल्या तेजाने त्याचे दमन केले. ही वार्ता कोसंबीस पोहोचली तेव्हा तेथील उपासकांना त्यांचा सत्कार करावा असे वाटले. षड्वर्गीय भिक्षूंनी सल्ला दिला की भिक्षूंना दुर्मिळ अशी कापोतिका नावाची स्वच्छ सुरा त्यांना द्यावी. घरोघर सुरा तयार ठेवण्यात आली. सागत घरोघर ती प्याले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. तथागतांनी त्यांना तेथे टाकून दिले नाही. भिक्षूंकरवी उचलून विहारात आणविले. भिक्षूंनी त्यांचे मस्तक तथागतांच्या दिशेने ठेवले, तर ते शुद्ध हरपलेल्या अवस्थेत वळले आणि पाय तथागतांकडे करून झोपले. तेव्हा बुद्धांनी भिक्षूंना विचारलेला एक प्रश्न असा की ज्याने नागाशी झुंज घेतली तो सागत आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय?

हा प्रश्न नीतीचा नसून सामर्थ्याचा आहे. सागत दुर्जन झाले असे तेथे कोणी म्हणत नाही. जे त्यांना साधले होते ते आता साधणार नाही, एवढेच दाखविलेले आहे. अंगुत्तरनिकायाच्या एतदग्गवग्गात, तेजोधातूत कुशल असलेल्या भिक्षूंमध्ये अग्रणी म्हणून याच सागतांचे नाव आहे, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे. एका दिवसाच्या पतनाने त्यांची जागा गेली नाही.

गृहस्थांसाठी सिगालोवादसुत्त आहे. राजगृहात सिगाल या गृहपतिपुत्राला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती आणि निर्लज्जता हे पाच कोणत्याही काळातील कोणत्याही वस्तीला ठाऊक आहेत. सहावा मात्र वेगळा आहे : प्रज्ञा दुर्बळ होणे. ज्याचे पोट प्रज्ञेवर चालते त्याने या सहाव्या कलमापाशी थांबावे.

जातककथांत तर याच विषयावर एक मार्मिक चित्र आहे. कुंभजातकात सुर नावाचा वनचर आणि वरुण नावाचा तापस यांना अरण्यातील एका झाडाच्या ढोलीत आपोआप आंबलेले पाणी सापडते. त्यांच्याच नावांवरून सुरा आणि वारुणी हे शब्द आले, असे कथा सांगते. पुढे ते दोघे नगरोनगरी मद्य करीत श्रावस्तीस येतात. तेथे पाचशे रांजण भरून ठेवतात आणि उंदरांपासून राखण व्हावी म्हणून प्रत्येक रांजणाशी एक मांजर बांधतात. मद्य उतू जाऊन रांजणांच्या कडांवरून ओघळू लागते, मांजरे ते चाटतात आणि निपचित पडतात. मग उंदीर येऊन त्या राखणदारांचीच नाके, कान आणि शेपट्या कुरतडून जातात. अवधानासाठी नेमलेल्याच्या तोंडी मद्य लागले म्हणजे काय होते, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

येथवर ग्रंथांतील साक्ष झाली. तरुण वाचक म्हणेल की ही श्रद्धेची प्रमाणे झाली. आम्हांला अनुभव हवा. तथागतांनी कालामांना जे सांगितले त्यानुसार ही मागणी योग्यच आहे. म्हणून आता श्रमाच्या इतिहासाकडे वळू आणि योगायोगाने असा एक धंदा निवडू जो संगणकाच्या आज्ञावलीच्या फार जवळचा आहे. तो म्हणजे छापखाना. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा जुळारी आणि पडद्यावर एकेक अक्षर मांडून आज्ञावली लिहिणारा तरुण, दोघांचेही काम अक्षरांच्या अचूक क्रमाचे. एक चिन्ह चुकले की दोघांचाही घात. आमच्या वाचकांना हा धंदा परका नाही. ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले, तेव्हा त्यांचे प्रत्येक अक्षर कोणातरी जुळाऱ्याच्या बोटांतून गेले होते.

बेंजामिन फ्रँकलिन हा पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार ठरलेला पुरुष तरुणपणी, १७२५-२६ च्या सुमारास, लंडनमधील वॉट्स यांच्या छापखान्यात कामगार होता. त्याने आत्मचरित्रात तेथील हकीकत लिहून ठेवली आहे. त्याचा यंत्रावरील सोबती न्याहारीपूर्वी एक, न्याहारीबरोबर एक, न्याहारी व जेवण यांच्या मध्ये एक, जेवताना एक, संध्याकाळी सहाच्या सुमारास एक आणि काम संपल्यावर एक असे दिवसाला सहा पाइंट बिअर पीत असे. त्याचे कारण व्यसन नव्हे. कष्टाचे काम करायचे तर कडक बिअर प्यायलाच हवी, अशी त्या कामगारांची प्रामाणिक समजूत होती. फ्रँकलिन फक्त पाणी पिई, म्हणून ते त्याला ‘पाणीवाला अमेरिकन’ म्हणून हिणवीत. परंतु खिळ्यांचा जो जड साचा इतर कामगार दोन्ही हातांनी एकच नेत, तसे दोन साचे हा एकेका हातात घेऊन जिना चढे-उतरे. बिअरमध्ये जेवढे धान्य विरघळले असेल तेवढेच बळ तिच्यात असणार आणि एका पेनीच्या पावात त्याहून अधिक पीठ असते, असा हिशेबही त्याने त्यांना मांडून दाखविला. काहींना तो पटला. त्या सोबत्याला मात्र पटला नाही. दर शनिवारी त्याच्या मजुरीतून चार-पाच शिलिंग दारूपायी कापले जात आणि तो होता तेथेच राहिला.

फ्रँकलिनचा प्रतिवाद शारीरिक बळापुरता होता. अवधानाची परीक्षा आणखी पावणेदोनशे वर्षांनी झाली. जर्मनीत एमिल क्रेपेलिन या मनोवैद्याने चहा, कॉफी, मद्य यांचा साध्या मानसिक व्यापारांवर काय परिणाम होतो हे मोजण्यास आरंभ केला आणि १८९२ साली त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा सहकारी गुस्ताव आशाफेनबुर्ग याने १८९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग जुळाऱ्यांवरच होता. चार अनुभवी जुळारी घेण्यात आले. दिवसाआड त्यांना मद्य देण्यात आले आणि ठरावीक वेळात कोण किती खिळे जुळवतो हे मोजण्यात आले. मद्याच्या दिवशी काम सरासरीने सुमारे ९ टक्के घटले. ही माणसे दारूला नवखी नव्हती आणि मद्याची मात्राही झिंग यावी एवढी नव्हती.

९ टक्के हा आकडा लहान आहे, त्यावर आम्ही फार भर देऊ इच्छीत नाही. अधिक महत्त्वाचे आहे ते क्रेपेलिनच्या प्रयोगांतून पुढे आलेले दुसरे निरीक्षण. मद्य घेतलेल्या माणसाला आपले काम हलके, जलद आणि उत्तम चालले आहे असे वाटत असते. घड्याळ मात्र उलट साक्ष देते. कामाचे मोजमाप करणारी इंद्रियेच मद्याने आधी मंदावतात, मग त्यांची साक्ष कोणत्या आधारावर घ्यायची? ‘माझा अनुभव आहे’ या वाक्याची खरी अडचण येथे आहे. स्वतः क्रेपेलिन या अभ्यासानंतर मद्यत्यागी झाला आणि मद्यनिषेधाचा पुरस्कर्ता बनला.

मालकाने स्वतःहून दारू पाजली आणि पुढे स्वतःच बंद केली, अशी एक घटनाही सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश आरमारात खलाशांना रोज रम वाटण्याची प्रथा सतराव्या शतकापासूनची. १७४० साली ॲडमिरल व्हर्नन याने त्या रममध्ये पाणी मिसळण्याची आज्ञा काढली, एकोणिसाव्या शतकात वाटपाचे माप कमी होत गेले. पण प्रथा चालू राहिली. शेवटी ३१ जुलै १९७० रोजी ती संपली. परंपराप्रिय आरमाराने ही प्रथा का मोडली? जहाजांवरील यंत्रणा आता गुंतागुंतीची आणि नाजूक झाली आहे, तिच्या अचूक चालण्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, आणि अशा कामाशी मध्यान्हीची रम जुळत नाही, असे कारण आरमाराच्या मंडळाने दिले. दोर ओढणाऱ्या खलाशाला रम चालत होती. यंत्रासमोर बसलेल्याला ती चालेना.

आता आमच्या काळात येऊ. २००७ साली रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने एक हास्यचित्र काढले. रक्तातील मद्याचे प्रमाण एका अतिशय अरुंद टप्प्यात असताना प्रोग्रॅमिंगचे कौशल्य एकाएकी शिखरावर जाते, असा एक आलेख त्यात होता आणि त्या शिखराला एका मोठ्या संगणक कंपनीच्या तत्कालीन प्रमुखाचे नाव दिले होते. हा शुद्ध विनोद होता. तरीही संगणकक्षेत्रात तो जणू सिद्धान्त म्हणून फिरत राहिला. व्यंगचित्राला शास्त्रवचनाची प्रतिष्ठा देणारी मंडळी पोथीनिष्ठेला हसतात, हे विशेष!

परंतु एका खऱ्या प्रयोगाचाही आधार घेतला जातो आणि त्याची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील जारोश, कोलफ्लेश व वायली या संशोधकांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. चाळीस तरुण पुरुषांपैकी काहींना वोडका देऊन रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०७५ टक्क्यांच्या आसपास आणले. भारतात वाहन चालविण्यासाठी कायद्याने जी मर्यादा घातली आहे तिच्या हे अडीचपट होते. नंतर त्यांना शब्दकोडी दिली : तीन शब्द द्यायचे आणि तिघांशी जुळेल असा चौथा शोधायचा. मद्य घेतलेल्यांनी ही कोडी अधिक संख्येने आणि अधिक लवकर सोडविली. येथवरचा भाग सर्वांना तोंडपाठ असतो. पुढचा भाग असा की एकीकडे गणित करीत दुसरीकडे शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत तीच मंडळी मागे पडली. किंबहुना संशोधकांचे म्हणणेच असे होते की अवधानावरील पकड सैल झाली म्हणून दूरचे शब्द सहज सुचले. म्हणजे ज्या प्रयोगाचा दाखला ‘दारूने लक्ष लागते’ यासाठी दिला जातो, तो प्रयोग दारूने लक्ष सुटते असे सांगतो.

मग त्या तरुणांचा अनुभव खोटा म्हणायचा काय? तसे आम्ही म्हणणार नाही. त्यांना काहीतरी निश्चित जाणवते. १९९० साली स्टील आणि जोसेफ्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या विचाराला मद्यजन्य ऱ्हस्वदृष्टी असे म्हणता येईल. मद्याने चित्ताचा परीघ आकुंचन पावतो. जे अगदी समोर आहे तेवढेच दिसते, दूरचे पुसले जाते. साहेबाचे बोलणे, घराचा हप्ता, नोकरी जाण्याची भीती, गावाकडे पाठवायचे पैसे हे सर्व दूरचे असते. ते क्षणभर पुसले गेले की समोरचा पडदा तेवढा उजळ वाटतो. यालाच ते एकाग्रता म्हणतात. परंतु आज्ञावली हे काम असे आहे की त्यात समोरच्या ओळीबरोबर मागे लिहिलेल्या पन्नास ओळी आणि पुढे होणारे परिणाम एकाच वेळी मनात धरून ठेवावे लागतात. नेमके तेच धरून ठेवण्याचे बळ मद्य प्रथम काढून घेते. पुसून जाणाऱ्या दूरच्या गोष्टींत ही दूरची ओळही असते.

शिवाय रात्र संपत नाही. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि स्वप्नावस्थेची निद्रा घटते. दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेतच होत असते. जो नवे तंत्र शिकण्यासाठी म्हणून पितो, त्याची ती शिकवणीच रात्री बुडते. काही महिन्यांनी दोन घोटांचे चार होतात, कारण शरीर सरावते. आणि मग दारूवाचून लक्षच लागत नाही असे वाटू लागते. ते वाटणे खरेही असते, पण त्या वेळी लक्ष उडवणारी गोष्ट दारूची ओढ हीच असते.

यात कायद्याचा प्रश्न आम्ही आणू इच्छीत नाही. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी १८८० साली लेखी तक्रार केली होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पूज्य बाबासाहेबांची भूमिका मात्र थोडी सूक्ष्म होती. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदी रद्द करून त्या महसुलाचा विनियोग करावा, अशी मागणी होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा मद्य न पिण्याची आहे. काहींना यात विसंगती दिसते. आम्हांस दिसत नाही. पोलिसाच्या धाकाने जे सुटते ते शील नव्हे. ‘वेरमणी’ म्हणजे आपण होऊन विरत होणे. ते ज्याचे त्याने करावयाचे असते. ज्या माणसाच्या घरातून प्रथमच कोणी संगणकासमोर बसला आहे, ज्याच्या आईवडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला आहे, त्याच्याजवळ दुसरे भांडवल नाही. त्याची बुद्धी हेच त्याचे शेत. वडिलार्जित पैसा असलेल्याला ती थोडी गहाण टाकणे कदाचित परवडेल.

राहता राहिला थकव्याचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्यास उत्तर न देता शीलाची आठवण करून देणे योग्य नव्हे. कंपन्यांचे तास, परदेशी घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या पाळ्या आणि घरी आल्यावरही न संपणारे शिकणे, यांविरुद्ध संघटितपणे काय करावे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु एकट्या माणसाने रात्री दहा वाजता, डोळे मिटत असताना, काय करावे याचे एक उत्तर अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात आहे. मगधातील एका गावी महामोग्गल्लान ध्यानाला बसले असता पेंगू लागले. तथागतांनी त्यांना त्यावर क्रमाने उपाय सांगितले. ज्या विचारात असता पेंग आली तो विचार सोडून पाहावा. शिकलेल्या धम्माचे मनन करावे. त्याचे मोठ्याने पठण करावे. कान ओढावेत, हातपाय चोळावेत. उठून डोळ्यांना पाणी लावावे, दिशा न्याहाळाव्यात, वर नक्षत्रांकडे पाहावे. मनात प्रकाशाची संज्ञा धरावी. येरझाऱ्या घालाव्यात. आणि एवढे करूनही पेंग जात नसेल तर उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठण्याची वेळ मनात ठरवून, निजावे. मोग्गल्लानांच्या प्रव्रज्येनंतरचा तो पहिलाच आठवडा होता. सातव्या दिवशी ते अर्हत झाले.